एक्सप्लेनर : फोन अनलॉक्ड, तरी एअरटेलचं ५जी का मिळत नाही?

भारतात सुटा विकला जाणारा जवळपास प्रत्येक स्मार्टफोन अनलॉक्ड असतो. कोणतंही सिम टाका, फोन चालतो. स्वस्त ५जी फोन घेताना मात्र एवढ्यावर विसंबू नका. शाओमीचा रेडमी ए४ ५जी बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो ८,४९९ रुपयांपासून बाजारात आला. त्यात एअरटेलचं सिम चालतं, कॉल लागतात, इंटरनेटही मिळतं, पण ४जीचं.

याचं कारण नेटवर्कमध्ये आहे. जिओने ५जीची संपूर्ण यंत्रणा वेगळी उभारली. तिला स्टँडअलोन, म्हणजेच ‘एसए’ म्हणतात. एअरटेलने मोबाइल ५जी सुरू केलं ते ४जीच्या यंत्रणेचा आधार घेऊन. हे ‘एनएसए’. रेडमी ए४ला फक्त एसए चालतं. एरवी हा फरक नेटवर्क इंजिनिअरपुरताच राहिला असता, इथे तो थेट तुमच्या रिचार्जला लागतो. अनलिमिटेड ५जी मिळावं म्हणून रोज २ जीबीचा महागडा प्लॅन मारत असाल, तर एनएसएवर तो जादा खर्च वाया.

म्हणून फोन टाकाऊ आहे का? नाही. ६.८८ इंची, १२० हर्ट्झचा डिस्प्ले आणि ५,१६० एमएएच बॅटरी या किमतीत चांगलीच म्हणायची. बेस मॉडेलचं ६४ जीबी स्टोरेज फॅमिली ग्रुपच्या व्हिडिओंनी भरेल, पण मेमरी कार्डची सोय आहे. जिओ वापरत असाल तर खुशाल घ्या.

बॉक्सवर नुसतं ‘५जी’ लिहिलेलं असतं. दुकानदाराला ‘एनएसए चालतं का’ असंच विचारा.