समृद्धीवरची निवड
नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. 5 जून 2025 पासून तो पूर्ण खुला आहे. एवढा प्रवास विजेच्या गाडीने करायचा, तर मर्सिडीजच्या ईक्यूएस 580 एसयूव्हीची बॅटरी 122 किलोवॉट-तासांची आणि चाचणीतला पल्ला 809 किलोमीटर. पण ताशी 120 किलोमीटरच्या वेगात हवेचा विरोध झपाट्याने वाढतो, आणि नागपुरी मे महिन्यात एसी व बॅटरी थंड ठेवणारी यंत्रणाही वीज खातात. म्हणून कागदावरच्या पल्ल्यावर विसंबू नये. दुसरा विजेवरचा पर्याय असलेल्या बीएमडब्ल्यू आयएक्समध्ये पाचच जण बसतात, तर ईक्यूएस 580 सात आसनी असून तिची जुळणी चाकणला होते. मोठ्या कुटुंबाला तीच सोयीची. खरा निर्णायक मुद्दा मात्र घरच्या चार्जरचा: सोसायटीत हक्काची पार्किंग आणि पुरेसा वीजभार हवाच.