झाडावरची दया आणि झाडाखालचें कर्तव्य

आमच्या शिकलेल्या मध्यमवर्गीय घरांत गेल्या कांहीं वर्षांत जीं नवीं व्यसनें शिरलीं, त्यांत सर्वांत निरुपद्रवी कोणतें असें कोणी विचारलें, तर ‘गरुडाच्या घरट्याकडे पाहत बसणें’ असें मी उत्तर देईन. हें व्यसन मला स्वतःलाहि आहे, हें प्रथमच कबूल केलेलें बरें. कारण पुढें जें लिहावयाचें आहे तें कांहींसें कठोर आहे. तें दुरून बोट दाखविणाऱ्याचें नव्हे, त्याच बैठकींत बसलेल्या माणसाचें आहे, एवढें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागांत सॅन बर्नार्डिनोचे डोंगर आहेत. तेथें बिग बेअर नांवाच्या सरोवरानजीक, जेफ्री पाइन जातीच्या एका वृक्षावर, जमिनीपासून सुमारें १४५ फूट उंचीवर गरुडाच्या एका जोडप्याचें घरटें आहे. ‘फ्रेंड्स ऑफ बिग बेअर व्हॅली’ या स्थानिक संस्थेनें २०१५ सालीं तेथें कॅमेरा बसविला. तेव्हांपासून त्या घरट्यांतील अंडें, पिलूं, भूक, भांडण आणि बर्फ हें सर्व इंटरनेटवरून रात्रंदिवस जगापुढें उघडें झालें आहे. मादीचें नांव जॅकी, नराचें शॅडो. पक्ष्याची जात ‘बाल्ड ईगल’. परंतु यांतील ‘बाल्ड’चा अर्थ टकला असा नव्हे. जुन्या इंग्रजींत डोक्यावर पांढरा भाग असलेल्या प्राण्याला तो शब्द लावीत, आणि शास्त्रीय नांवाचा अर्थहि ‘पांढऱ्या डोक्याचा समुद्रगरुड’ असाच आहे. १७८२ सालीं अमेरिकेनें आपल्या राजमुद्रेवर ज्याला बसविलें, तोच हा पक्षी.

आमची मुलगी नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियांत राहते. तिनेंच हें घरटें आम्हांला दाखविलें. तेथें उजाडतें तेव्हां आमच्याकडे दिवेलागण झालेली असते. म्हणून शुभंकरोतीच्या वेळीं गरुडदर्शन असा आमच्या घरचा क्रमच पडून गेला. २०२५ च्या मार्च महिन्यांत, ३, ४ आणि ८ तारखेला, त्या घरट्यांत तीन पिलें बाहेर आलीं. आदल्या वर्षींचीं तिन्ही अंडीं वायां गेलीं होतीं, त्यामुळें आनंद दुणावलेला. पुढें १३ मार्चच्या रात्रीं तेथें बर्फाचें मोठें वादळ झालें. आमच्याकडे तेव्हां धुळवडीचा दिवस उजाडला होता. सुटी असल्यामुळें सारें घर पडद्यासमोर बसलें होतें. जॅकी पंख पसरून पिलांवर बसली होती, आणि तिच्या पाठीवर बर्फाचे थर चढत होते. संध्याकाळीं पाहतों तों दोनच डोकीं वर आलीं. तिसरें पिलूं गेलें होतें.

आमच्या वहिनींचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, “भावोजी, येवढें सारें जग बघत होतें, एकालाहि शिडी लावून वर जावेंसें वाटलें नाहीं? चंद्रावर माणसें उतरविणाऱ्या देशाला एक छत्री धरतां येऊं नये?”

वहिनींचा प्रश्न सरळ मनाचा होता. म्हणूनच त्याला सरळ उत्तर दिलें पाहिजे. कारण हाच प्रश्न अमेरिकेंतील प्रेक्षक वारंवार, आणि पुष्कळदां वहिनींपेक्षां फार कडवट भाषेंत, विचारीत आले आहेत. माझें उत्तर असें कीं, त्या छत्रीची जागा झाडावर नाहींच. झाडावर जें घडतें तें पाहण्याचा आपला अधिकार आहे, तें सुधारण्याचा नाहीं. आणि जें सुधारण्याचा आपला अधिकारच नव्हे तर धर्म आहे, तें सारें झाडाखालीं पडलेलें आहे, आणि तिकडे कॅमेरा वळलेला नाहीं.

प्रथम एका निराळ्या पक्षाचा समाचार घेतों. कांहीं विद्वान् मित्र म्हणतात कीं, हा सारा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे. पक्षी पाहावयाचा तर रानांत जावें. हें मत मला मान्य नाहीं. वीण चालू असतां या पक्ष्याच्या घरट्यापाशीं जाणें म्हणजेच त्याला उपद्रव देणें. १९४० सालच्या कायद्यानें त्या देशांत पक्ष्याला, अंड्याला वा घरट्याला हात लावण्यास बंदी आहे. जें रानांत जाऊनहि दिसलें नसतें, तें हा यंत्राचा डोळा कोणालाहि न दुखवितां दाखवितो. नर आणि मादी पाळीपाळीनें सुमारें पस्तीस दिवस अंडीं उबवितात. अगोदर फुटलेल्या अंड्यांतलें पिलूं मागाहून आलेल्या भावंडाला टोचून घांस हिरावून घेतें. दहाबारा आठवड्यांनीं पिलूं पहिलें उड्डाण करतें, आणि डोकें पांढरें व्हावयास त्याला पांचेक वर्षें लागतात. हें ज्ञान पूर्वीं मूठभर पंडितांना होतें. आज तें स्वयंपाकघरांत बसून मिळतें. कॅमेरा हा प्रामाणिक साक्षीदार आहे. दोष साक्षीदाराचा नव्हे. साक्ष ऐकून भलताच निकाल देणाऱ्या न्यायाधीशाचा आहे.

तो निकाल कसा दिला जातो त्याचे दोन मासले पाहा. २०१४ सालीं मिनेसोटा राज्याच्या वनखात्यानें लावलेल्या कॅमेऱ्यांत एक पिलूं धडपडतांना दिसूं लागलें. खात्यानें प्रथम सांगितलें कीं, आम्ही निसर्गाच्या व्यवहारांत हात घालणार नाहीं. झालें! लोकांचा संताप अनावर झाला, तक्रारी थेट गव्हर्नरांच्या कचेरीपर्यंत गेल्या, आणि खात्याला माणसें वर चढवावीं लागलीं. पिलूं खालीं आणून तपासतात तों त्याचा पंख बरा न होण्याइतका मोडलेला. अखेर त्याला वेदनारहित मरण देणें एवढेंच हातीं राहिलें. त्याचे हाल थोडे लवकर संपले हें मी नाकारीत नाहीं. परंतु आरडाओरडा झाला तो त्याला जगविण्यासाठीं, आणि तें कोणाच्याच हातीं नव्हतें.

दुसरा मासला २०१६ सालचा, पिट्सबर्ग शहरांतला. तेथील घरट्यांत एप्रिल महिन्यांत गरुडानें पिलांसाठीं एक मांजर आणलें आणि कॅमेऱ्यासमोर त्याचे तुकडे भरविले. रोज मासा आणला तेव्हां टाळ्या पिटणारे प्रेक्षक त्या दिवशीं हळहळले, संतापले. माशाचा जीव जीव नव्हता. मांजर मात्र आपल्या उशापायथ्याशीं झोपणारें, म्हणून त्याचा जीव तेवढा जीव! ही दया नव्हे. हा ओळखीच्या माणसाचा वशिला आहे.

अशा वेळीं मला शिबि राजाची कथा आठवते. लहानपणीं ती आपण सर्वांनीं ऐकली, पण तिचें मर्म विसरलों. कपोत शरण आला तेव्हां शिबीनें त्याला अभय दिलें. परंतु ससाणा म्हणाला कीं, हें माझें अन्न आहे, आणि राजाला तें म्हणणें खोडून काढतां आलें नाहीं. ससाण्याची भूक त्यानें अधर्म ठरविली नाहीं, त्याला शिव्याहि दिल्या नाहींत. तराजू मागविला आणि आपल्या मांडीचें मांस कापून पारड्यांत घातलें. जो भक्ष्याला वाचवूं इच्छितो त्यानें भक्षकाची किंमत स्वतःच्या अंगांतून द्यावी, असा त्या दयेचा हिशेब होता. आजच्या दयेच्या पारड्यांत काय पडतें? चार ओळींचा निषेध, आणि एक हुंदका.

आणि ज्या काळीं या पक्ष्याला खरोखर वाचविण्याची वेळ आली होती, तेव्हां झाडावर कॅमेरा नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर डी. डी. टी. हें कीटकनाशक शेतांवर आणि दलदलींवर मुक्तहस्तें फवारलें गेलें. तें पाण्यांत उतरलें, पाण्यांतून माशांत आणि माशांतून गरुडाच्या शरीरांत सांचत गेलें. परिणाम असा झाला कीं, अंड्याच्या कवचांत चुना नीट बसेना. कवच इतकें पातळ झालें कीं, उबवावयास बसलेल्या आईच्याच भारानें अंडें फुटूं लागलें. यापरतें भयंकर दृश्य कोणतें? पण तें कोणी पाहिलें नाहीं आणि कोणी रडलें नाहीं. अलास्का सोडून उरलेल्या मुख्य अमेरिकेंत १९६३ सालीं वीण करणारीं अवघीं ४१७ जोडपीं मोजलीं गेलीं. राचेल कार्सनबाईंनीं १९६२ सालीं ग्रंथ लिहून हांक दिली. रासायनिक धंदेवाल्यांनीं त्यांची यथेच्छ कुचेष्टा केली. तरी १९७२ सालीं त्या विषावर बंदी आली, आणि पुढल्याच वर्षीं नष्टप्राय जीवांच्या रक्षणाचा कायदा झाला. २००७ सालीं गरुडाचें नांव त्या यादींतून काढतां आलें. २०१९ च्या मोजणीवरून सरकारनें काढलेला अंदाज ७१ हजारांहून अधिक जोडप्यांचा आहे. हीं जोडपीं कोणाच्या अश्रूंनीं वाढलीं नाहींत. तीं एका रुक्ष, कंटाळवाण्या आणि अनेकांना न आवडलेल्या बंदीहुकुमानें वाढलीं. आज जॅकीच्या अंड्यांना आपण जें कौतुकानें पाहतों, तें कवच त्या हुकुमानें दिलेलें आहे.

आमच्या आदिकवीचा शोक मला म्हणूनच अधिक शहाणा वाटतो. क्रौंचाच्या जोडींतला एक पक्षी पडला तेव्हां वाल्मीकीच्या तोंडून शाप निघाला. पण तो शाप वादळाला नव्हता, थंडीला नव्हता, ससाण्यालाहि नव्हता. तो बाण सोडणाऱ्या माणसाला होता. शोक कोणावर रोखावा याचा विवेक त्यांत होता. आपला शोक मात्र बर्फावर रोखला जातो, आणि निषाद बाजूनें निघून जातो.

हा निषाद अद्याप गेलेला नाहीं. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संशोधनांत अमेरिकेच्या ३८ राज्यांतील बाराशेंहून अधिक गरुड तपासले गेले. त्यांतील जवळजवळ निम्म्यांच्या हाडांत दीर्घकाळ सांचलेल्या शिशाच्या विषाच्या खुणा सांपडल्या. शिकारी लोक जनावर मारून आंतडीं रानांत टाकून जातात. त्यांत गोळीच्या शिशाचे कण असतात, आणि हिवाळ्यांत भुकेला गरुड तीं खातो. कॅलिफोर्नियानें १ जुलै २०१९ पासून शिकारींत शिशाची गोळी बंद केली. पुष्कळ राज्यांनीं तसें केलेलें नाहीं. शिशानें मरणारा गरुड कोठें तरी झुडपाखालीं मान टाकतो. त्याला नांव नसतें, आणि त्याच्यासाठीं गव्हर्नरांची कचेरी गजबजून जात नाहीं.

मग माणसानें वर कधींच चढूं नये काय? चढावें, परंतु कसोटी एकच. २०१७ सालीं फ्लॉरिडांतील फोर्ट मायर्सजवळच्या घरट्यांत एका पिलाच्या पायाला मासे धरण्याची नायलॉनची दोरी गुरफटली. तेव्हां माणसें वर गेलीं, पिलूं खालीं आणून त्यांनीं दोरी सोडविली, उपचार केले आणि त्याला पुन्हां घरट्यांत ठेवलें. तें योग्यच झालें. कारण ती दोरी माणसाची होती. जेथें अपराध आपला, तेथें उपायहि आपला. बर्फ आपला अपराध नाहीं. भावंडाची चोंच आपला अपराध नाहीं. मांजरावर पडलेली झडप आपला अपराध नाहीं.

यावर एक वजनदार आक्षेप येईल, तो मी टाळीत नाहीं. प्रेमावांचून कायदा होत नाहीं, आणि पाहिल्यावांचून प्रेम होत नाहीं. मग या भाबड्या प्रेक्षकांची थट्टा कां? आक्षेप खरा आहे. बिग बेअर सरोवराच्या उत्तर तीरावर घरांची वसाहत बांधण्याच्या बेताविरुद्ध त्याच संस्थेनें अनेक वर्षें झगडा दिला, आणि त्या झगड्याला बळ पुरविलें तें जॅकी-शॅडोच्या प्रेक्षकांनीं. ज्यांनीं पडदा मिटून देणगी पाठविली, अर्जावर सही केली, त्यांच्यापुढें माझी मान लवते. माझी तक्रार त्यांच्याविषयीं नाहीं. ज्यांचें प्रेम घरट्याच्या कांठाशींच संपतें, आणि रडून झालें म्हणजे कर्तव्य झालें असें ज्यांना वाटतें, त्यांच्याविषयीं आहे. आणि त्यांत प्रस्तुत लेखकहि बसतो.

कारण मला आठवतें तें असें. माझ्या लहानपणीं आमच्या देशावरच्या गांवीं मेलेल्या गुरावर गिधाडांचा थवा उतरे. आम्ही पोरें त्यांना भीत असूं, हिडिसहि म्हणत असूं. पुढें तीं दिसेनाशीं झालीं. गुरांना दुखण्यावर दिलें जाणारें डायक्लोफेनॅक हें औषध मृत जनावरांतून त्यांच्या पोटांत जाई आणि त्यांचीं मूत्रपिंडें निकामीं होत. २००६ सालीं सरकारनें गुरांसाठीं त्या औषधावर बंदी घातली, तोंवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकीं शंभरांतील नव्याण्णवांहून अधिक नाहींशीं झालीं होतीं. त्या सबंध काळांत मी काय करीत होतों? महाविद्यालयांत इंग्रजी काव्यांतील निसर्गप्रेम शिकवीत होतों. गिधाडाला कोणी नांव ठेवलें नव्हतें, त्याच्या घरट्यावर कॅमेरा नव्हता, आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलें नाहीं.

हें सर्व मीं त्या संध्याकाळीं वहिनींना सांगितलें. त्यांनीं तें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, “म्हणजे भावोजी, आम्हीं रडूंहि नये म्हणतां?”

रडावें, वहिनी, अवश्य रडावें. ज्याला त्या पिलासाठीं रडूं येत नाहीं त्याच्याकडून पुढचें कांहीं होईल अशी मला आशा नाहीं. परंतु डोळे पुसल्यावर एवढें विचारावें कीं, आपल्या गोठ्यांत कोणतें औषध येतें, आपल्या शेतांत कोणतें विष फवारलें जातें, आपल्या तळ्याच्या कांठीं कोणाचा नकाशा मंजूर होतो आहे. जॅकीला आपल्या छत्रीची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशीं वादळ निवळतांच उरलेल्या दोन पिलांना घांस भरवावयास ती उभी राहिली. जूनमध्यें तीं दोन्ही उडालीं. तिनें आपलें काम केलें; आपलें मात्र अजून व्हावयाचें आहे.