गंजलेल्या बोल्टचे अर्थशास्त्र

पावसाळा सरला की कोकणपट्टीतील लहानमोठ्या गॅरेजांतून एक दृश्य हमखास दिसते. प्रवासी वाहतुकीची एखादी मोटार जॅकवर चढवलेली असते, पुढचे चाक काढलेले असते आणि लोअर आर्मचा बुश बदलण्यासाठी मिस्त्री आडवा पडून एका बोल्टशी झुंजत असतो. बोल्ट सहज निघाला तर काम थोड्या वेळाचे. जाम असला तर अख्खा दिवस जातो. गिऱ्हाईक ठरल्या मजुरीपेक्षा अधिक देण्यास नाखूष असते आणि चालकाचा त्या दिवसाचा धंदा बुडालेला असतो. हा वाया गेलेला दिवस कोणाच्या खाती लिहायचा? प्रश्न वरकरणी क्षुल्लक आहे. वस्तुतः तो अर्थशास्त्राच्या गाभ्याला भिडणारा आहे.

बोल्ट जाम का होतो, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. रबरी बुशच्या मध्यभागी पोलादी नळी असते व तिच्यातून बोल्ट आरपार जातो. या दोहोंमधील चिंचोळ्या फटीत पाणी, चिखल आणि किनाऱ्यावरील खारी हवा शिरते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे फट भरून निघते आणि नळी व बोल्ट एकजीव होतात. मग नट सुटला तरी बोल्ट बाहेर येत नाही. पान्याला पाइप लावून जोर केला तर नळीही बोल्टबरोबर फिरते, रबर पिळवटते आणि कित्येकदा बोल्टचे डोकेच तुटून पडते.

म्हणूनच जाणता मिस्त्री घाई करीत नाही. तो तारेच्या ब्रशने उघडे आटे साफ करतो, गंज सोडवणारे तेल आदल्या रात्रीच सोडून ठेवतो, बोल्ट आधी किंचित आवळून मग सोडवतो आणि पुढे-मागे करीत मोकळा करतो. एवढ्याने भागले नाही तर गॅसची ज्योत लावावी लागते. रबर जळून घातक धूर निघतो. तोही उपाय हरला की ग्राइंडरने बोल्ट कापणे आले. तुटका तुकडा आत अडकला तर त्याच्या बरोबर मध्यावर भोक पाडून उलट्या आट्यांच्या हत्याराने तो काढावा लागतो. हे सारे गाडीखाली, पुष्कळदा डोळ्यांवर चष्मा नसताना चालते. ठिणगी डोळ्यात गेली तर उपचाराचा खर्च कोणी करायचा? कामगार राज्य विमा योजनेची सक्ती सामान्यतः १० वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. तिघाचौघांचे गॅरेज त्या छत्राबाहेरच राहते.

याच्या उलट, बोल्टला अधिक टिकाऊ लेप देण्यास कारखान्यात येणारा खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने नगण्य असतो. पण तो कंपनीच्या ताळेबंदात दिसतो. मिस्त्रीचा आणि चालकाचा बुडालेला दिवस कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही. खाजगी उद्योग आपल्या खर्चाचा भार समाजाच्या माथी मारतो, हे के. विल्यम काप यांनी १९५० सालच्या ग्रंथात सविस्तर मांडले होते. गंजलेला बोल्ट हे त्याचेच छोटे उदाहरण होय.

भार लादणाऱ्यांनी दुरुस्तीची वाटही अडवली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, तपासणीची साधने व तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळू दिली जात नाही, असा आयोगाचा निष्कर्ष होता. कंपन्यांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि प्रकरण अपिलांच्या फेऱ्यात सापडले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात एक पोर्टल सुरू झाले. मोटारींचा त्यात समावेश आहे, हे स्वागतार्हच. परंतु पोर्टल सुरू करणे निराळे आणि हक्क बंधनकारक करणे निराळे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ साली सार्वमताने कंपन्यांवर असे कायदेशीर बंधन घालण्यास कौल दिला होता.

यावर कंपन्यांचे उत्तर ठरलेले असते: रस्त्याकडेच्या मिस्त्रीच्या हाती सुरक्षितता सोपवता येणार नाही. या युक्तिवादात तथ्याचा अंश आहे आणि तो मान्य करण्यात कमीपणा नाही. बोल्टच्या डोक्यावरील १०.९ हा आकडा त्याची ताणशक्ती दर चौरस मिलिमीटरला किमान १००० न्यूटन असल्याचे सांगतो; ४.६ चा साधा बोल्ट जेमतेम ४०० न्यूटनचा. दिसायला दोन्ही सारखे. नाइलाजाने दुसरा बसवला तर घाटातल्या वळणावर प्रवाशांच्या जिवावर बेतू शकते. तेव्हा ‘जुगाडा’चे कौतुक समाजवाद्यांनी तरी करू नये. पण योग्य बोल्ट कोणता, तो किती आवळायचा आणि गाडीचा भार चाकांवर घेऊनच बुशचा बोल्ट का आवळायचा, ही माहिती दडवून सुरक्षितता वाढते काय? ती वाढते माहिती खुली केल्याने.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. दुरुस्तीची पुस्तिका व सुटे भाग प्रत्येक गॅरेजला वाजवी दरात देण्याची कायदेशीर सक्ती व्हावी. विम्याचे छत्र लहान गॅरेजांपर्यंत पोहोचावे. तालुक्याच्या ठिकाणी मिस्त्रींनी सहकारी तत्त्वावर महागडी हत्यारे सामाईक घ्यावीत आणि कार्यकर्त्यांनी त्यात पुढाकार घ्यावा. कामगारवर्ग म्हणजे केवळ गिरणी व कारखाना, ही समजूत आता सोडली पाहिजे. गाडीखाली आडवा पडलेला तो मिस्त्रीही कामगारच आहे, आणि त्याच्या संघटनेचे काम अजून पुरते हाती घेतलेले नाही.