दुधाचे माप रोज, पायाची पाहणी कधी?

गाय विकत घेताना आपण कास पाहतो, सड पिळून पाहतो, दात पाहतो. पण तिला चालवून किती जण पाहतात? गोठ्यात आल्यावर तर तिचे चालणेच संपते. संकरित गाय दिवसभर दावणीला, खाली कोबा आणि त्यावर शेण-मुताचा राडा. पाय दुखतोय हे कळते कधी? तर ती पाय अधांतरी धरते तेव्हा. तोवर दूध घटलेले असते, अंग उतरलेले असते आणि मग ती पडेल भावाने बाजार दाखवते.

पायाचे दुखणे आधी पाठीवर दिसते. अमेरिकेतील मिशिगनच्या संशोधकांनी १९९७ साली याचे १ ते ५ गुण ठरवून दिले. उभी असताना आणि चालताना पाठ सरळ, तर १. उभी असताना सरळ, पण चालताना कमान होते, तर २. दोन्ही वेळा कमान आणि पाऊल आखूड, तर ३. एखादा पाय जपत, थांबत-थांबत चालते, तर ४. पाय टेकवतच नाही, तर ५. तीन आणि त्यापुढच्या गायी गाभण राहायलाही उशीर करतात, असे त्यांना दिसले.

यासाठी ना यंत्र लागते, ना पैसा. आठवड्यातून एकदा गाय सोडा, सपाट जागेवर दहा-वीस पावले चालवा आणि बाजूने पहा. गोठ्याचे काम बहुतेक घरांत बायाच करतात. ‘गाय आज वेगळी चालतेय’ असे त्या म्हणाल्या, तर हसण्यावारी नेऊ नका.

दोन गुण दिसले की खुरे तपासा. मागच्या पायाची बाहेरची नखी आधी पहा, दुखणे बहुधा तिथेच सापडते. वाढलेली खुरे वर्षातून दोनदा साळून घ्या. बसायची जागा कोरडी ठेवा. पेंड-भरडा एकदम ओतू नका, पोटात आम्ल वाढले की खुरेही बिघडतात. लंगडण्यासोबत तोंडातून लाळ गळत असेल, तर लाळ्या-खुरकूत समजून जनावर वेगळे बांधा आणि पशुवैद्यकांना लगेच बोलवा.

दूध संस्थांनाही एक सांगणे आहे. पशुखाद्याची, रेतनाची सोय तुम्ही करता. तसा खुरे साळणारा जाणकार माणूसही वर्षातून दोनदा गावात आणा. चार पाय धड असतील, तरच कास भरेल.