नदीचं माप फजरनंतर घ्या

रात्री साडेतीनला फोन वाजला तर आमच्या घरात कुणी दचकत नाही. कुठला तरी सर्व्हर आडवा झालेला असतो. माझं पोटच त्यावर आहे: यंत्रांची तब्येत दर मिनिटाला विचारायची, आकडा घसरला की उठायचं. महिन्यातून एकदा भर दुपारी बघून ‘सगळं ठीक’ असं लिहून दिलं, तर नोकरी टिकणार नाही.

नदीला मात्र आपण तेवढ्यावर सोडतो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांचे नमुने साधारण महिन्यातून एकदा घेतं. नीरेवर सारोळ्याच्या पुलापाशी असं एक ठिकाण आहे. नमुना साहजिकच दिवसाउजेडी घेतला जातो, आणि शेवाळाच्या बाबतीत घोळ तिथेच होतो.

नसरापूरला माझ्या खालाचं घर आहे. गावाजवळून शिवगंगा वाहते. कमरअली दरवेशांच्या दर्ग्याचं शिवापूर याच नदीच्या वरच्या अंगाला, बनेश्वरचं देऊळ खाली. पावसाळ्यात पुण्याची माणसं बनेश्वरचा धबधबा बघायला येतात. एप्रिलमध्ये कुणी येत नाही. तेव्हा कातळातल्या डबक्यांत हिरवे धागे तरंगतात. हायवेलगत हॉटेलं आणि सोसायट्या वाढल्यात. सांडपाण्यातला, साबणातला, शेतातल्या खतातला नायट्रोजन आणि फॉस्फरस पाण्यात उतरतो. त्यात पाणी थांबलेलं आणि ऊन कडक. शेवाळाला आणखी काय हवं?

शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री स्वतःच तो वापरतं. म्हणून पाण्यातला विरघळलेला प्राणवायू दुपारी चढतो आणि सूर्योदयाच्या सुमारास तळ गाठतो. मासे मरायचे ते पहाटे मरतात. अंघोळीच्या पाण्यात लिटरमागे किमान 5 मिलिग्रॅम प्राणवायू हवा, असा केंद्रीय निकष आहे. दुपारच्या नमुन्यात तो आरामात भरतो. उलट 25 अंशांच्या पाण्यात एरवी साधारण 8 मिलिग्रॅम मावतो, तिथे दुपारी 12 आला तर खूश होऊ नका. तो आकडा बहुधा शेवाळाचा आहे.

नुसत्या डोळ्यांवर विसंबण्यातही अर्थ नाही. जून 2020 मध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं तेव्हा अनेकांनी शेवाळाकडे बोट दाखवलं. पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासलं, तर रंग खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांचा निघाला. हिरव्या पाण्याचंही तसंच. काही नील-हरित प्रकार विष सोडतात, ते पिऊन गुरं दगावल्याच्या नोंदी जगभर आहेत. बाकीचे नुसते घाण दिसतात. हा फरक प्रयोगशाळाच सांगेल. पण बाटली प्रयोगशाळेत कधी धाडायची, हे गावाने ओळखायला हवं.

त्यासाठी एकाच जागी, एकाच दिवशी दोन मापं पुरतात. एक फजरनंतर लगेच, दुसरं असरच्या थोडं आधी. प्राणवायू, पीएच, तापमान आणि घड्याळातली वेळ लिहायची. शेवाळ दुपारी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे पीएचही चढतो. दोन मापांतली दरी दर आठवड्याला रुंदावत असेल, तर मेलेले मासे वर येण्याआधीच कळतं. ॲप मी एका रविवारात लिहीन, तो भाग सोपा आहे. पहाटे काठावर उभं राहणारं माणूस ॲपमधून मिळत नाही.

जल जीवन मिशनमध्ये दर गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायच्या किटचं प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. ते किट पिण्याच्या पाण्यासाठी, नळ आणि विहिरींसाठी. त्याच महिलांना प्राणवायूचं किट देऊन नदीचं मापही सोपवावं आणि दोन्ही आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावेत, ही मागणी ग्रामसभेत मांडता येते. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या, मतदारयादीत नाव असलेल्या कुणालाही तो हक्क आहे. कब्रस्तानच्या भिंतीसाठी आपण ग्रामसभेला जातो, तसं यासाठीही जावं.

खाला फजरनंतर तशीही नदीपर्यंत चालत जाते. तिला हे सगळं सांगितलं, तर तिने एवढंच विचारलं, बाटली काचेची की प्लास्टिकची? काचेची. पाण्याखाली धरूनच बूच लावायचं, आत एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि किटमधली पहिली दोन औषधं तिथेच काठावर घालायची, घरी आल्यावर नाही.