सनद आणि शील

गास गावच्या अरुंद वाटांनी अपरात्री १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येते, तेव्हा तिच्यातून उतरणाऱ्या माणसाच्या हाती, इस्पितळ गाठेपर्यंत, रुग्णाचे प्राण आणि कुटुंबाचा धीर ही दोन्ही सोपविलेली असतात. २०१४ साली ९३७ वाहनांनिशी ही सेवा उभारताना महाराष्ट्र सरकारने तीवर डॉक्टर तैनात केले. निर्णय उदार खरा, परंतु त्यामुळे आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ हा स्वतंत्र पेशा येथे रुजण्यास विलंब झाला, असे आमचे मत आहे. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या तंत्रज्ञास परिशिष्टात स्थान व नोंदणीचा मार्ग दिला, हे उत्तम झाले. मात्र छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्यावा हे पाठ असणे निराळे, आणि आक्रोश करणाऱ्या मातेस बाजूस सारताना वाणी मृदू राखणे, रुग्णाचे गुपित गावच्या नाक्यावर न उघडणे (लहान गावात हेच सर्वांत दुर्घट!), आणि त्यास इस्पितळाच्या स्वाधीन करताना वेळ, नाडी, दिलेले औषध, इतकेच नव्हे तर आपल्या हातून घडलेली चूकही दप्तरी नोंदविणे निराळे. हे गुण अनुभवी वरिष्ठाशेजारी, चालत्या गाडीत, उमेदवारी करूनच अंगी बाणतात. तेव्हा प्रशिक्षणसंस्थांनी त्या उमेदवारीचे महिने कापू नयेत, आणि वरिष्ठाच्या अभिप्रायास लेखी परीक्षेइतकेच वजन द्यावे.