ठिगळाची पोचपावती

पूर्वी पोस्टातून मनीऑर्डर केली, की काही दिवसांनी सहीची छोटी चिठ्ठी परत येत असे. गावाकडे आईला पैसे मिळाले, हे त्या चिठ्ठीवरून कळायचे. ती आली नाही, तर मुलाच्या जिवाला घोर. मग पैसे वेळेवर पोचलेले का असेनात!

संगणकाच्या जगातल्या एका प्रचंड कामाला अशाच पोचपावतीची उणीव भोवली होती. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्स ही संगणकप्रणाली लिहायला घेतली आणि तिचा मजकूर सर्वांना खुला ठेवला. कोणीही तो वाचावा, चूक दिसली तर दुरुस्त करून पाठवावी. यालाच ओपन सोर्स म्हणतात. आज अँड्रॉइड मोबाईलच्या पोटात लिनक्सच असते.

अशा दुरुस्तीला या मंडळींत ‘पॅच’, म्हणजे चक्क ठिगळ म्हणतात. ही ठिगळे ई-मेलने टोरवाल्ड्सकडे जात. पसंत पडले ते पुढच्या आवृत्तीत दिसे. नाही पडले तर? पुष्कळदा उत्तरच नाही. पाठवणाऱ्याला कळेना, की काम नापसंत झाले, वाचायचे राहिले, की ढिगाऱ्यात हरवले. मग तेच पुन्हा पाठवायचे, पुन्हा वाट पाहायची. १९९८ मध्ये आणि पुन्हा २००२ च्या सुरुवातीला यावरून चांगलीच वादावादी झाली. दोष आळसाचा नव्हता. एकट्या माणसाला उरकणार तरी किती?

२००२ मध्ये टोरवाल्ड्स बिटकीपर नावाची प्रणाली वापरू लागले. तिच्या फुकट वापराची परवानगी गेली, तेव्हा एप्रिल २००५ मध्ये त्यांनी स्वतःच ‘गिट’ लिहिली. गिट म्हणजे जणू वहीखाते. ठिगळ कोणी लिहिले, केव्हा लिहिले, कोणाच्या हातून पुढे आले, सगळे त्यात नोंदलेले. ही वही कोणीही उघडून पाहावी.

पण वहीत नोंद होते ती स्वीकारलेल्या कामाची. नाकारलेल्याचे काय? लिनक्सच्या जुन्या कारभाऱ्यांपैकी अँड्र्यू मॉर्टन यांनी यावर साधी पद्धत ठेवली. ठिगळ त्यांच्या यादीत आले, की पाठवणाऱ्याला पत्र जाते. यादीतून काढले, तरी पत्र जाते आणि त्यात काढण्याचे कारण असते. नकाराच्या पत्राने बरे वाटावे, हे चमत्कारिक खरे. पण नोकरीची मुलाखत देऊन महिनोन् महिने टपालाची वाट पाहिलेल्यांना ते समजावून सांगावे लागणार नाही.

वेळापत्रकही आता ठरलेले आहे. साधारण नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते. पहिले दोन आठवडे नवे काम घेतात, नंतर बहुधा दर रविवारी एक चाचणी आवृत्ती बाहेर पडते. या खेपेची गाडी चुकलीच, तर पुढची केव्हा सुटणार, याचा अंदाज पाठवणाऱ्याला घरबसल्या बांधता येतो.